पिवळा दिवा, पंधरा हजार आणि एक हिरवी पिन

कराडहून रोज पाटणच्या पुढच्या एका वाडीवर शिकवायला जाणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. चार पानी आहे, अक्षर मोत्यासारखं. जागेअभावी आवरून देतो:

"काका, माझी १६० सीसीची गाडी आहे, २०२१ सालची. गणपतीच्या आधी वॉशिंग सेंटरवर धुऊन आणली आणि दुसऱ्या दिवशी मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी तशी पळते, पण सकाळी चालू केल्यावर स्लो स्पीड वर-खाली होतो, कधी बंदही पडते. एकानं स्कॅनर लावून दोनशे रुपयांत दिवा घालवला, चौथ्या दिवशी परत आला. दुसरा म्हणाला ईसीएम गेलाय, पंधरा हजार लागतील. तिसरा म्हणाला, आतून टेप मारून देतो, बघूच नका. मध्ये पुढचा टायर बदलला, तेव्हापासून एबीएसचा दिवाही जात नाही. घरचे म्हणतात गाडी चालतेय ना, मग चालव. चालवू का? ता.क. – हल्ली कधी कधी गिअर टाकला की गाडी जागच्या जागी बंद पडते. हा तिसरा आजार की त्यातलाच?"

नमस्कार बाई,

आधी पंधरा हजारांचं. ते खिशातच राहू द्या. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. तो गेला तर बहुतेक वेळा गाडी चालूच होत नाही. तुमची गाडी रोज कराड ते पाटण करतेय, स्कॅनर लावला की त्याच्याशी बोलतेय, आपली तक्रार स्वतःच्या तोंडानं सांगतेय. एवढं सगळं करणाऱ्याला कुणी मेलेला म्हणतं का? पाणी शिरून ईसीएम खराब होतो, नाही असं नाही. पण तो यादीत सगळ्यात शेवटी. आपल्याकडं काही लोक यादी खालून वर वाचतात, कारण खालच्या ओळीत पैसे जास्त असतात.

चालवू का, याचं उत्तर: पिवळ्या इंजिनच्या दिव्यावर आठवडाभर चालवा, काही बिघडणार नाही. अट एवढीच की गाडी मिसिंग मारत नसावी, म्हणजे मध्येच झटके देत नसावी, सायलेन्सरमधून काळा धूर किंवा कच्च्या पेट्रोलचा वास येत नसावा. तसं झालं तर थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं आणि तो भाग स्वस्त नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय. तिच्या दिव्याचं वेगळं आहे, त्याकडं पुढं येतो.

आता तो पिवळा दिवा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे, कडक नियम. त्याबरोबर प्रत्येक नवीन गाडीत हा दिवा आणि त्यामागची ओबीडी नावाची देखरेख आली. तुमची गाडी २०२१ची, म्हणजे ओबीडीच्या पहिल्या टप्प्यातली. दुसरा, जास्त कडक टप्पा १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना आला. हे तारखांचं पुराण सांगायचं कारण असं, की पहिल्या टप्प्यातला दिवा मुख्यतः एकच गोष्ट बघतो: अमुक सेन्सरची वायर जुळलेली आहे का, तुटलीय का, की कुठं चिकटून शॉर्ट झालीय. सेन्सर चांगला की वाईट, हे त्याला नीटसं कळतही नाही. तुम्ही वर्गात हजेरी घेता. एका मुलानं 'हजर' म्हटलं नाही. आजारी असेल, पळून गेला असेल, किंवा शेवटच्या बाकावर बसून पावसाच्या आवाजात त्याला नाव ऐकूच आलं नसेल. वहीत मात्र तिन्ही वेळा एकच खूण पडते. गाडीचा कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा आकडा, ही ती खूण. आणि आमच्या धंद्यातली निम्मी माणसं खूण बघितली की मुलाचं नाव कापतात.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी सहज लिहून गेलात, पण कामाच्या त्याच आहेत. धुतल्यानंतर लागला, आणि त्रास सकाळी होतो. धुतल्यानंतर म्हणजे पाणी. कपलर म्हणजे वायरी जोडायचा प्लग. प्रेशरच्या पाण्याला त्याच्या रबरी सीलचं काही वाटत नाही, ते आत जातं आणि तिथंच बसतं. आणि सकाळी त्रास, म्हणजे इंजिन थंड असताना. बरेच जण अशा वेळी पहिला हात घालतात ऑक्सिजन सेन्सरला, सायलेन्सरच्या बेंडवर बसतो तो. पण इंजिन थंड असताना ईसीएम त्या सेन्सरचं ऐकतच नाही, तो तापेपर्यंत त्याला बाजूला ठेवतो. मग सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांतल्या लटपटीचा गुन्हेगार तो कसा? थंड इंजिनला ईसीएम कुणाचं ऐकतो, तर टेंपरेचर सेन्सरचं. किती पेट्रोल जास्त टाकायचं हे तो त्यालाच विचारून ठरवतो.

माझा संशय तिथं आहे. टेंपरेचर सेन्सर इंजिनच्या हेडजवळ बसलेला असतो, पितळी, अंगठ्याएवढा, बहुतेक गाड्यांत दोन पिनांचा. त्याचं काम गमतीदार आहे. ईसीएम त्याच्याकडं एका रेझिस्टन्समधून पाच व्होल्ट पाठवतो. इंजिन थंड असलं की सेन्सरचा अडथळा जास्त, तापलं की कमी. त्यामुळं इंजिन जितकं गरम तितके वायरीवरचे व्होल्ट उतरतात आणि ईसीएमला तापमान कळतं. आता समजा मधली वायर तुटली किंवा पिनेवर गंज चढला. करंटला वाट नाही, म्हणून पाचच्या आसपास व्होल्ट जसेच्या तसे राहतात. ईसीएमला वाटतं, इंजिन उणे चाळीस डिग्रीला गोठलंय. कराडात उणे चाळीस! त्यालाही ते पटत नाही. मग तो दिवा लावतो आणि स्वतःच्या मनानं एक ठरावीक तापमान धरून गाडी चालवतो. दुपारी ते अंदाजे जुळतं, म्हणून गाडी नीट पळते. सकाळी जुळत नाही, म्हणून स्लो स्पीड नाचतो.

स्कॅनरवर हा दोष बहुतेक वेळा पी ०११८ असा दिसतो, म्हणजे टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. नीट वाचा, 'सर्किटमध्ये'. पण गॅरेजात या ओळीचा अर्थ 'टेंपरेचर सेन्सर गेला' असा लावतात, नवीन सेन्सर बसवतात, बसवताना कपलर काढून परत लावला जातो, त्या खरवडण्यानं पीन तात्पुरती चमकते, दिवा जातो, सगळे खूश. पुढच्या पावसात परत तेच.

म्हणून काम या क्रमानं करून घ्या. पहिल्या गॅरेजवाल्याला फोन करा आणि विचारा, दिवा घालवला तेव्हा कोड कोणता होता. त्यानं तो बघितला असणारच. न बघताही उडवता येतो, पण कुठलाही धड फिटर बघतो. आठवत नसेल तर दिवा परत आलेलाच आहे, स्कॅनर परत लावू दे. या वेळी कोडचा आकडा तुमच्या वहीत तुम्ही स्वतः लिहा, आणि एक प्रश्न विचारा: हा कोड आत्ता चालू आहे की जुना साठवलेला आहे? चालू असेल तर दोष या क्षणी हजर आहे, शोधायला सोपा. जुना असेल तर दोष येतो-जातो, म्हणजे सैल किंवा ओला कपलर, हे जवळजवळ पक्कं. आणि कृपा करून दोष सापडेपर्यंत कोड उडवू देऊ नका. तुमचा तो दोनशे रुपयांचा उपाय म्हणजे फळ्यावरचं गणित न सोडवता पुसणं.

स्कॅनर नसेल तरी काही गाड्या दिव्यातूनच बोलतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत दिवा लांब आणि छोटा असा मिचकावतो. लांब मिचकावणं म्हणजे दहा, छोटं म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटं, तर एकवीस, आणि तो ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटचा. तुमच्या गाडीत तशी सोय आहे का हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी गाडीच्या पूजेच्या फोटोबरोबर कपाटात असतं, एकदा बाहेर काढा.

कोड टेंपरेचर सेन्सरचा निघाला, तर कपलर डोळ्यांनी बघा, दुसऱ्यावर सोडू नका. लॉकची जीभ दाबून कपलर ओढायचा, वायर धरून ओढायचा नाही. आत मोबाइलचा टॉर्च मारा. चांगली पीन पिवळसर किंवा चांदीसारखी दिसते. गंजलेली पीन हिरवी दिसते, जुन्या तांब्याच्या कळशीच्या कानाला चढतो तो हिरवा. मीठ टाकल्यासारखी पांढरी पूडही कधी सापडते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा, मऊ ब्रशनं हलकं घासायचं, सुकू द्यायचं, आणि मग लावायचं. पीन ढिली वाटली तर मागून जरा आवळून घ्यायची. सॅण्डपेपर नको, पिनेवरचा मुलामा जातो आणि गंज दुप्पट वेगानं येतो. आणि गंज सोडवायचा जो स्प्रे नट-बोल्टवर मारतात तो म्हणजे काँटॅक्ट क्लीनर नव्हे. त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो.

गाडी चालू ठेवून तो कपलर आणि पुढची फुटभर वायर हलकेच हलवायला सांगा. हलवताना स्लो स्पीड बदलला, की चोर सापडला.

कपलर स्वच्छ निघाला, पिना चकचकीत, मग वायर बघा. इथं एक शंका मला तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावरून आली. तुम्ही लिहिलंय, पाऊस लागू नये म्हणून गाडी शाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीशेजारी लावता. बाई, तांदूळ तिथं उंदीर. आणि उंदराला पावसाळ्यात गरम इंजिनाशेजारी बसून वायरीचं आवरण कुरतडण्यासारखं सुख नाही. सीटखाली आणि टाकीखाली लेंड्या दिसतात का बघा. माझ्याकडं आलेल्या अशा एका गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात मूठभर तांदूळ निघाला होता, सरकारी.

कोड टेंपरेचर सेन्सरचा न निघता भलताच निघाला तरी रीत हीच: आधी कपलर, मग वायर, मग सेन्सर, आणि ईसीएम शेवटी. पण एकाच वेळी तीन-चार कोड निघाले आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तर रीत बदलते. तेव्हा सरळ बॅटरीकडं जायचं. हे मी शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. एका दूधवाल्याची गाडी माझ्याकडं तीनदा आली. पहिल्यांदा एक सेन्सर बदलला, दुसऱ्यांदा दुसरा. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसता किटलीवर हात ठेवून उभा राहिला, आणि मला शरम वाटली. सीट काढली, बॅटरीच्या मायनसच्या टर्मिनलला बोट लावलं, तर बोल्ट बोटानं फिरला. खड्ड्यातून गेली की अर्थिंग, म्हणजे तीच मायनसची जोडणी, सुटायची, क्षणभर सगळ्या सेन्सरांचे आकडे चुकायचे आणि ईसीएम हाताला लागेल त्याच्या नावानं कोड लिहायचा. दोन्ही सेन्सरांचे पैसे मी त्याला परत दिले.

साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असेल तर तोही चालेल. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली आपटत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. गाडी चालू करून जरा रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ मध्ये हवा. तिथं १५ च्या वर गेला तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला, आणि तो लवकर बदलला नाही तर तुम्हाला खरोखरच ईसीएम घ्यावा लागेल.

दोष दूर झाला की दिवा त्या क्षणी विझलाच पाहिजे असं नाही. साधारण तीन वेळा गाडी व्यवस्थित चालून बंद झाली, त्यात दोष दिसला नाही, की बहुतेक गाड्यांत तो आपण होऊन जातो.

आता एबीएस, आणि इथं मी घरच्यांच्या बाजूनं नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. दिवा पेटलेला असतो तेव्हा ब्रेक लागतात, पण जुन्या गाडीसारखे. म्हणजे जोरात दाबला तर पुढचं चाक लॉक होऊन घसरू शकतं. तुमच्या रस्त्यावर आता कारखाने सुरू होतील, उसाच्या ट्रॉल्या निघतील, वळणावर पाचट आणि चिखल पडेल. तिथं पुढचं चाक लॉक झालेलं नको. दिवा जाईपर्यंत वेग कमी, अंतर जास्त, आणि हा दुरुस्तीचा पहिला नंबर, पिवळ्या इंजिनच्या दिव्याच्याही आधी.

एक खुलासा करून टाकतो, कारण यावरून बरेच जण घाबरतात. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी उभी असेपर्यंत तसाच राहतो, तो दोष नाही. चाक फिरून सेन्सरला वेग दिसल्यावरच तो विझतो, म्हणजे थोडंसं पुढं गेल्यावर. तुमचा पाटण आलं तरी जात नाही, म्हणून तो दोष. तसंच एबीएसची तपासणी डबल स्टँडवर मागचं चाक फिरवून करू देऊ नका. पुढचं चाक उभं आणि मागचं पळतंय हे बघून काही गाड्यांत चांगला एबीएसही दिवा लावतो.

टायर बदलल्यानंतर लागला, म्हणजे टायरवाल्याच्या हातातलं काहीतरी. पुढच्या चाकाच्या डिस्कला लागून एक खाचांची चकती असते, आणि तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर सेन्सरचं डोकं. टायर काढताना चाक त्या बाजूवर आडवं टाकलं की चकती वाकते. चाक परत बसवताना बुश, म्हणजे चाकाच्या आसावरची छोटी नळी, उलटसुलट झाला की अंतर बदलतं. वायरची क्लिप लावायची राहिली की वायर टायरला घासून कापते. यांपैकी काय झालंय, ते मीटर बऱ्याचदा सांगतं. अनेक गाड्यांत स्पीडचा आकडाही याच सेन्सरवरून येतो. दिव्याबरोबर तुमचा स्पीडही शून्य दाखवत असेल, तर वायर किंवा सेन्सर. स्पीड बरोबर दाखवतोय आणि तरी दिवा आहे, तर आधी चकती बघा: चाक उचलून हातानं हळू फिरवा आणि चकती सेन्सरच्या जवळ-लांब डुलते का त्यावर नजर ठेवा. त्यानंतर एबीएसचा फ्यूज. त्याच टायरवाल्याकडं जा, भांडू नका, चाक परत उघडून तुमच्या समोर बसवायला सांगा. बहुतेक वेळा फुकटात होतं.

टेपवाल्याबद्दल फार लिहीत नाही. टेप मारली की पुढच्या वेळी खरंच काही झालं तर कळणार नाही. आणि कुणी बीएस-६ची जुनी गाडी घेत असेल तर एवढं करा: चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा आधी लागतो का बघा. लागून गाडी चालू झाल्यावर विझला तर ठीक. लागलाच नाही, तर तुमच्या आधी बहुधा कुणीतरी टेपवाल्याकडं जाऊन आलंय.

लाल दिव्यांची गोष्ट वेगळी. ऑइलचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला तर 'पुढच्या गावापर्यंत' वगैरे नाही, इंजिन तिथंच बंद. पण तुमच्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत ऑइलचा दिवाच नसतो. म्हणून महिन्यातून दोनदा गाडी सपाट जागी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून काचेतून किंवा काडीवर ऑइल बघत जा.

आणि तुमचा ता.क. तो तिसरा आजार आहे, पण सर्दीएवढाच. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावं म्हणून स्टँडच्या मुळाशी एक स्विच असतो. स्टँड तुम्ही वर करता, पण त्यात चिखल बसलाय, किंवा स्प्रिंग सैल झाल्यामुळं स्टँड पूर्ण वर जात नाही, आणि स्विचला वाटतं अजून खालीच आहे. बंद पडली की लगेच मीटरमध्ये स्टँडचा दिवा बघा, लागलेला दिसेल. टूथब्रश आणि साध्या पाण्यानं तो भाग धुवा, स्टँड पंधरा-वीस वेळा खाली-वर करा, स्टँड जिथं फिरतो तिथं थोडं ग्रीस. स्प्रिंग ढिली असेल तर बदला, शंभर रुपयांच्या आतबाहेर काम. कुणी स्विचच्या वायरी जोडून 'डायरेक्ट करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. तुम्ही घाईत शाळेला निघता, एखाद्या दिवशी स्टँड खाली राहील आणि पहिल्याच डाव्या वळणावर तो रस्त्याला टेकेल.

कोडचा आकडा मिळाला की कळवा. तांदळाच्या खोलीपासून गाडी मात्र उद्याच हलवा.